वीतभर उंच जमीन

नरहर देवपुजारींनी आयुष्यात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं, लग्नपत्रिकांनासुद्धा. राहिलं ते एकाच पत्राचं उत्तर, आणि नेमकं तेच पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

वहीच्या रेघी कागदावर निळ्या शाईत लिहिलेलं. 'मा. सरांना नमस्कार. मी पंचफुला बोरीकर, राहणार उड्डाणपुलाखाली, खांब नंबर ४१, नागपूर. तुमच्या मशिनने आमच्या घराला गोठा म्हटले. आमच्याकडे ढोर नाही, बकरी पण नाही. मी इथे सतरा वर्षापासून राहते. मशिन तुम्ही बनवली असे ऑफिसात समजले म्हणून विचारते. आमचे घर गोठा कसे झाले ते कळवावे. मी सातवी पास आहे, पत्र वाचता येते.'

शेवटच्या वाक्यापाशी ते दर वेळी अडखळायचे. उत्तराचे अकरा मसुदे त्यांनी लिहिले. पहिला फार शास्त्रीय झाला, दुसरा फार दीनवाणा. चौथ्यात 'दिलगीर' हा शब्द आला आणि तो त्यांना खोटा वाटला. शिवाय राष्ट्रीय निवारा प्राधिकरणाशी झालेल्या सल्लागारपदाच्या करारात एक अट होती, की कोणाही अर्जदाराला लेखी अभिप्राय द्यायचा नाही. ती अट त्यांना फार सोयीची पडली. खरं कारण वेगळंच होतं. आपण चुकलो असू ही शंका नरहरपंतांच्या जन्माचीच सोबतीण. एका पाठ्यपुस्तकावर स्वतःचं नाव छापून आलं तेव्हा ती छपाईची चूक तर नाही ना, असं त्यांना दोन दिवस वाटत होतं. हे पत्र वाचताना मात्र शंका आली नाही, खात्री झाली. आणि खात्रीची त्यांना सवय नव्हती. पत्र त्यांनी मृदाशास्त्राच्या एका जाड ग्रंथात ठेवलं आणि एक वर्ष दहा महिने तो ग्रंथ उघडला नाही.

मग मार्चच्या शेवटी दिल्लीहून संसदेच्या समितीचं बोलावणं आलं.

त्या यंत्राचं नाव 'पांढरी'. नाव नरहरपंतांनीच ठेवलेलं. जुन्या गावांत जमिनीचे दोन भाग मानत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसं पिढ्यान् पिढ्या एका जागी राहिली की चुलीची राख, भिंतींची माती, रोजचा केर यांनी तिथल्या मातीचा रंगच फिरतो. गाव उठून शेकडो वर्षं झाली तरी जाणत्या माणसाला ती जागा लांबून ओळखू येते. तरुणपणी नरहरपंत अशा ओसाड पांढऱ्यांवर माती गोळा करत हिंडले होते. माणूस जिथं राहतो तिथं स्वतःला थोडं थोडं सांडत असतो, एवढी एकच गोष्ट ते तिथं शिकले.

यंत्र त्याच गोष्टीवर उभं होतं. माणसाच्या अंगावरून दर तासाला त्वचेचे लाखो कण झडतात आणि त्यांच्यासोबत त्याच्या अंगावरचे सूक्ष्म जंतूही. हे जंतू प्रत्येकाचे निराळे असतात. ते धुळीत बसतात, त्यातले जुने झिजतात, नवे वर साचतात. चिमूटभर धूळ 'पांढरी'त घातली की चाळीस मिनिटांत ती सांगते, या जागी किती माणसं राहिली आणि किती काळ. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं.

निवारा हक्क कायदा आला तेव्हा या डब्याला सोन्याचं मोल आलं. पाच वर्षं एका जागी राहिलेल्या कुटुंबाला सरकारनं पक्कं घर द्यायचं, असं कायदा म्हणत होता. पण रस्त्यावर राहणाऱ्यानं पाच वर्षांचा कागद आणायचा कुठून? कागदाऐवजी धूळ चालेल, असं ठरलं. पहिल्याच वर्षी काही दूधवाल्यांनी आपले गोठे घरं म्हणून दाखवले. तेव्हा प्राधिकरणानं नरहरपंतांकडे एक चाळणी मागितली, आणि त्यांनी एक आकडा दिला: गुराढोरांच्या जंतूंचं प्रमाण शेकडा तीसच्या वर गेलं की नोंद 'गोठा', पुढची तपासणी बंद. साठ गोठ्यांची आणि दोनशे झोपड्यांची धूळ तपासून काढलेला आकडा होता तो. त्या दोनशे झोपड्यांची जमीन सिमेंटची नाहीतर प्लास्टिकची होती.

आता कायद्यात दुरुस्ती येऊ घातली होती. तिचं कलम चौदा म्हणत होतं, 'पांढरी'चा अहवाल अंतिम राहील आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात जाता येणार नाही. त्या दुरुस्तीवर समिती नागपुरात साक्षी घेणार होती.

बोलावणं आलं त्याच आठवड्यात मृणाल साल्पेकर घरी आली. नरहरपंतांची ती सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. आता राष्ट्रीय निवारा प्राधिकरणाची तंत्रसंचालक. सरांना नमस्कार करून ती काकूंच्या मागे सरळ स्वयंपाकघरात गेली आणि चहा घेऊनच बाहेर आली. सरांना त्रास नको म्हणून तिनं साक्षीचं एक पान टाइप करून आणलं होतं. यंत्राची चूक शंभरात दोनपेक्षा कमी आहे आणि कलम चौदाला माझा पाठिंबा आहे, एवढंच वाचायचं.

"एवढं तरी वाचतील ना?" नरहरपंतांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या. "दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त दे हे सांगायला यांना चिठ्ठी लिहून ठेवावी लागते."

नरहरपंतांनी उठून तो ग्रंथ उघडला आणि पत्र मृणालच्या हातात दिलं. तिनं ते शांतपणे वाचलं. असली प्रकरणं तिला ठाऊक होती. शेणानं सारवलेल्या जमिनीत गुरांचे जंतू असणारच, त्याला इलाज नाही. पण तीन महिने सारवण बंद ठेवून पुन्हा अर्ज केला की निकाल बरोबर येतो. तशी तोंडी सूचना सगळ्या वस्त्यांना दिलेली होती. या बाईंनी ती मानली नाही. मग मृणालनं खाली बसून, पूर्वी शंका विचारायची त्याच सुरात समजावलं, की सहा वर्षांत चार लाख कुटुंबांना घरं मिळाली ती या यंत्रामुळे. दलाल गेले, लाच गेली. आज वीस हजार घरं कोर्टकज्ज्यांत अडकून रिकामी पडली आहेत आणि माणसं रस्त्यावर आहेत. शंभरातल्या दोघांसाठी अठ्ठ्याण्णवांना किती थांबवायचं?

ती गेल्यावर नरहरपंत बराच वेळ ते पान हातात घेऊन बसले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उड्डाणपुलाखाली गेले. एक्केचाळीस नंबरच्या खांबावरून दोनदा पुढे निघून गेले, तिसऱ्यांदा थांबले. पन्नाशी उलटलेली एक बाई मांडी घालून बांबूच्या कामट्या काढत होती. बाजूला सुपं आणि टोपल्या एकात एक रचून ठेवलेल्या. नरहरपंतांनी चाचरत आपलं नाव सांगितलं. तिनं कोयती खाली ठेवली, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि एक सूप उपडं करून त्यांच्यापुढे सरकवलं.

"बसा जी. एक वर्स दहा महिने लागले तुमाले. पायी निंगाले होते का?"

मग तिनं सगळं सांगितलं, हात न थांबवता. सरकार घर पाहायला येणार असं कळलं तेव्हा वस्तीत सण असल्यासारखी धांदल झाली. पाहुणा येणार आणि घर तसंच ठेवायचं? चाळीस घरांच्या बायका पहाटेच उठल्या. तबेल्यातून दोन पोती शेण आणलं, जाड हातानं सारवलं, रांगोळ्या घातल्या. एकीनं तर आंब्याचं तोरणसुद्धा बांधलं. दहा वाजता माणसं आली, ओल्या सारवणावरच चमचा फिरवला आणि घरामागून घर गोठा लिहून गेली. वस्तीत पास झालं ते एकच घर, चव्वेचाळीस नंबरच्या खांबाचं. तिथं दामू नावाचा दारुड्या राहायचा आणि त्याच्या घरात कधी झाडू फिरला नव्हता.

"दाम्या आपल्या धुळीत सापडला, त्याले घर भेटलं," पंचफुला म्हणाली. "आमी पुसून टाकलं सोताले."

तीन महिने सारवू नका, असं साहेब लोक सांगून गेले, ते खरं होतं. अकरा घरांनी ऐकलं. मातीला भेगा पडल्या, मुंग्या झाल्या, पोरांच्या अंगावर फोड आले. पण अकराही जणींना घराचे कागद मिळाले. पंचफुलानं ऐकलं नाही. आता तिच्यासकट एकोणतीस घरांना नोटीस लागली होती. विनापरवाना गोठे, तीस एप्रिलपर्यंत उठवावेत.

नरहरपंतांनी भीत भीत विचारलं, की तीन महिन्यांचाच प्रश्न होता, मग का नाही ऐकलं?

तिचे हात पहिल्यांदाच थांबले.

"घर भेटावं म्हणून घर मोडू का जी? सारवलं तर हे घर हाये. नाही सारवलं, त मंग फूटपाथच हाये ना? मंग ते लोक बरोबर आन् मी खोटी."

ते मान खाली घालून बसले होते, म्हणूनच त्यांना ते दिसलं. पंचफुलाची जमीन फूटपाथच्या फरशीहून उंच होती. त्यांनी हात लावून मापलं. चांगली वीतभर.

सूप सोडून ते गुडघ्यांवर बसले, कडेपाशी वाकले. कडा जिथं थोडी ढासळली होती तिथं वहीच्या पानांसारखे थर दिसत होते. नरहरपंतांचं लहानपण वर्धेकडच्या एका खेड्यात अशाच जमिनीवर गेलं होतं. आई दर आठ दिवसांनी सारवायची. साठ गोठे आणि दोनशे झोपड्या तपासताना ही जमीन त्यांना आठवलीच नव्हती. शेण आणि मातीचा प्रत्येक हात आदल्या आठवड्याची धूळ पुसत नाही, झाकतो. बरणीवर झाकण बसावं तसा बंद करतो. यंत्रानं वरचं झाकण चाटून पाहिलं होतं. खाली काय आहे हे त्यानं पाहिलंच नव्हतं, कारण पाहू नको असं त्याला नरहरपंतांनी सांगितलं होतं.

त्यांनी तिला हे समजावलं, बऱ्याच अडखळत. मग विचारलं, या जमिनीचा एक तुकडा द्याल का?

पंचफुलानं कोयती पुन्हा उचलली. "दोनदा उठोलं आमाले इथून," ती म्हणाली. "भांडे नेले, बांबू नेले, पत्रे नेले. कोनी इचारून नाही नेलं. तुमी इचारून रायले. न्या."

जिथं अंथरूण पडायचं तिथली वीतभर लांबरुंद जमीन तिनं स्वतःच कोयतीनं कापून दिली, आणि ते रिक्षात बसेपर्यंत खड्डा भरून वरून हात फिरवायलासुद्धा घेतला.

पुढचे नऊ दिवस देवपुजारींच्या घरात राळेचा वास कोंडला होता. मातीचा ठोकळा पातळ राळेत भिजवून गच्चीवर उन्हात कडक करायचा, मग त्याचा उभा काप काढून काचेवर घासत घासत केसाएवढा पातळ करायचा, की सूक्ष्मदर्शकाखाली आरपार दिसतो. ओसाड गावांच्या जमिनी वाचायची ही जुनी रीत. नरहरपंतांचे डोळे पाणावत, मोजलेलं चुके. तिसऱ्या दिवशी कुसुमताईंनी त्यांना बाजूला केलं. आयुष्यभर माळ ओढलेली बाई ती. एकशे आठ झाले की एक शेंगदाणा बाजूला ठेवायची. आठ शेंगदाणे झाले आणि वर सात. आठशे एकाहत्तर थर.

त्यांत काही थर जाड होते आणि त्यांच्या वर पांढरी रेघ होती, रांगोळीच्या दगडाच्या चुऱ्याची. दिवाळीची रांगोळी. त्या रेघा एकोणीस निघाल्या. पत्रातली सतरा वर्षं आणि न दिलेल्या उत्तराची जवळजवळ दोन.

मग त्यांनी थरांच्या मधली धूळ सुईनं टोकरून 'पांढरी'च्या पहिल्या, स्वतः जुळवलेल्या डब्यात घातली. त्यातली चाळणी काढून टाकली होती. तळाशी दोन माणसं. तिसऱ्या दिवाळीच्या वर तीन. सहाव्याच्या वर चार. तेराव्या दिवाळीनंतर तीसेक थरांनी चारांतला एक नाहीसा होत होता; पुढे कुठेच नव्हता. तळापासून असलेल्या दोघांपैकी तो एक होता.

नरहरपंतांनी यंत्र बंद केलं. कोणाच्या तरी घरात न विचारता डोकावल्यासारखं त्यांना झालं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी पंचफुलाला ते सांगितलं, कारण तिच्या आधी ते आणखी कोणाला सांगणं बरोबर नव्हतं. तिनं पदरानं हात पुसले. तेराव्या दिवाळीनंतरच्या आषाढात तिचा नवरा गेला होता. टोपल्या विकून येताना ट्रकनं उडवला. त्याच्या नावाचा एकही कागद तिच्याकडे नव्हता.

समितीच्या छापील अर्जात साक्षीदारासोबत येणाऱ्या सहायकासाठी एक रकाना होता. नरहरपंतांनी त्यात नाव लिहिलं: पंचफुला बोरीकर.

उन्हाळ्यात विधानभवन रिकामं असतं. त्याच्या एका सभागृहात समिती बसली होती. चौदा सदस्य, काचेच्या खोल्यांत दुभाषे, आणि मध्यभागी समितीचे अध्यक्ष, पूर्वेकडच्या राज्यातले एक उंच, थकलेले गृहस्थ. मृणालची साक्ष उत्तम झाली. तिनं आकडे दिले, घरं मिळालेल्या तीन कुटुंबांचे अनुभव सांगितले, आणि शेवटी म्हणाली की यंत्राचे जनक स्वतः इथं आहेत. सगळ्या माना वळल्या.

नरहरपंतांच्या हातात दोन कागद होते, मृणालचा आणि त्यांचा. उठताना ते एकमेकांत मिसळले. दुभाष्यानं ध्वनिक्षेपकातून आवाज वाढवायची विनंती केली. त्यांनी कागद टेबलावर पालथे ठेवले आणि चाळणीची हकीकत तोंडीच सांगितली: साठ गोठे, दोनशे झोपड्या, तीसचा आकडा, चाळीस घरांचं ताजं सारवण. पातळ काप असलेली काच त्यांनी पुढे पाठवली. एक सदस्य ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला.

विदर्भातलेच एक खासदार होते, त्यांनी मराठीत विचारलं. "सर, चूक सापडली हे चांगलंच झालं. तीसच्या जागी साठ करा, थरांची तपासणी जोडा. यंत्र सुधारलं की प्रश्न मिटला. मग कलम चौदाला तुमची हरकत राहत नाही ना?"

मृणाल त्यांच्याकडे पाहत होती. हो म्हणण्याएवढं सोपं काही नव्हतं. एकोणतीस घरं वाचली असती, तिचा मानही राहिला असता.

"हा प्रश्न मिटेल," नरहरपंत म्हणाले. "पण दुसरा उभा राहील आणि तो कोणता ते मला आज ठाऊक नाही. तीस लिहिलं तेव्हा हाही ठाऊक नव्हता. धुळीत कोण आहे ते यंत्र सांगतं. घर कशाला म्हणायचं, हे त्याला मी सांगितलं होतं. म्हणजे तुमचं कलम चौदा असं म्हणतं की नरहर देवपुजारीचा शब्द अंतिम. साहेब, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. माझा शब्द मी स्वतः आजवर कधी अंतिम मानलेला नाही. तुम्ही कसा मानता?"

कोणी तरी हसलं आणि मग हसणं थांबलं. अध्यक्षांनी विचारलं, त्यांना नेमकं काय हवं आहे?

"ज्याच्या घराचा निकाल लागतो, त्याला बोलू द्या. यंत्राच्या आधी आणि यंत्राच्या नंतरही. माझी अकरा मिनिटं उरली आहेत. ती मी माझ्या सहायकांना देतो."

साक्षीदारांच्या यादीत त्यांचं नाव नाही, असं सचिवांनी वाकून अध्यक्षांच्या कानात सांगितलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, आणि हातानंच बसा असं सचिवांना खुणावलं.

पंचफुला उभी राहिली. ध्वनिक्षेपकाला तिनं हातही लावला नाही; तिचा आवाज तसाच पोचत होता.

"मी कोनाकडं घर मांगाले नाही आली. घर हाये माह्यापाशी, म्या एकोनीस वर्स हातानं बनोलं. तुमी त्याले गोठा लिवलं, ते खोडा. आन् या मास्तरच्या काचीत माहा मालक हाये. त्याच्या नावचा एक कागद नाही सरकारपाशी. तो बी राहत होता तिथं, हे लिवून घ्या. मंग पक्कं घर द्याचं का नाही, ते तुमी पाहा. पन मले तीन महिने घान राह्य म्हनू नका. म्या राह्यली नाही आन् राह्यनार नाही."

अकरा मिनिटांतली दोनच तिनं घेतली.

व्हरांड्यात मृणाल थांबली होती. ती रागावलेली असती तर बरं झालं असतं. सर, वीस हजार कुटुंबं अजून दोन वर्षं रस्त्यावर राहतील, त्यांचीही धूळ कधी तरी तपासा, एवढंच ती हळू आवाजात म्हणाली. मग, एखाद्या विद्यार्थ्याला बजावावं तसं, तिनं कराराची आठवण करून दिली: समितीपुढे बोललात त्याला संरक्षण आहे, बाहेर कोणाला एक ओळ लेखी दिलीत तर प्राधिकरण खटला भरेल आणि त्यावर सही मला करावी लागेल. नमस्कार न करता ती गेली. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. नरहरपंत व्हरांड्यातच एका बाकावर बसले, आणि पंचफुलानं बाटलीतलं पाणी त्यांच्यापुढे धरलं.

समितीला नोटीस थांबवायचा अधिकार नव्हता. तिचा अहवाल पावसाळी अधिवेशनात येणार होता आणि तीस एप्रिल बारा दिवसांवर होता. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकीलबाईंनी पंचफुलाला सांगितलं, की कोर्टातून स्थगिती मिळू शकेल, पण जाणकार माणसाचा सहीनिशी कागद हवा, आणि त्या जागेवर टपाल येतं असं दाखवता आलं तर आणखी बरं.

पुढच्या आठवड्यात समितीच्या कार्यालयातून नरहरपंतांकडे त्यांच्या साक्षीची प्रत आली, तपासून सही करण्यासाठी. त्यांचा शब्द न् शब्द होता. त्याखाली कंसात एक ओळ होती: 'साक्षीदाराच्या सहायकाने काही निवेदन केले.'

कुसुमताई सांगतात, की लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण कागदावर रागानं पेन टेकवताना त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती ओळ खोडून समासात त्यांनी पंचफुलाचं सगळं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. ते लिहून होईपर्यंत सही केली नाही. आणि पेन हातात होतंच, म्हणून दुसरा कागद ओढला. मसुदा केला नाही.

'श्रीमती पंचफुला बोरीकर यांस नमस्कार. आपल्या पत्राला उत्तर द्यायला दोन वर्षं लागली, याचं कारण माझी भीती. दुसरं कोणतंही कारण नाही. आपण विचारलं होतं, घर गोठा कसं झालं. ते झालं नाही. मी एक आकडा चुकीचा लिहिला आणि तो तपासला नाही. आपल्या जमिनीचे आठशे एकाहत्तर थर मी आणि माझ्या पत्नीनं मोजले आहेत. या जागी एकोणीस दिवाळ्या माणसं राहिली आहेत. आधी दोघं, मग तिघं, मग चौघं, आणि आपले पती गेल्यावर पुन्हा तिघं. गुरं कधीच नव्हती. हे घर आहे. हे पत्र आपण कोर्टात, कार्यालयात, कुठेही दाखवावं. उरलेल्या अठ्ठावीस घरांच्या जमिनीही मी याच रीतीनं वाचून देईन. मला बोलावतील तिथे मी येईन. असं लिहून देऊ नये असा माझा करार आहे. तो मी वाचलेला आहे.'

खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

मोठ्या पोस्टात दुपारी गर्दी नव्हती. खिडकीवरच्या मुलीनं पाकीट वजनावर ठेवलं, पत्ता वाचला आणि परत केलं. पुलाचा खांब हा पत्ता होत नाही, असं ती म्हणाली. संगणकात घर क्रमांक भरल्याशिवाय स्पीड पोस्ट पुढे सरकत नाही.

एरवी नरहरपंतांनी क्षमा मागून पाकीट उचललं असतं.

"घर क्रमांक एक्केचाळीस लिहा," ते म्हणाले. "पोस्टमनला सापडलं नाही तर पाकीट माझ्याकडे परत येईल. मी पुन्हा आणीन. रोज आणीन."

मागं उभे असलेले दोघं त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण ते हलले नाहीत. मुलीनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि आकडा टाइप केला. पाकिटावर पट्टी चिकटवली, शिक्का मारला, आणि मागं न बघता ते पिशवीत टाकलं.